तीन पिवळ्या वायरी

आमच्या घरात विजेला कोणी भीत नसे. त्या भीतीचा सगळा वाटा एकट्या माझ्याकडे आला होता. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणत असू, साखर कारखान्यात वायरमन होते. बावड्यात आमच्या गल्लीतल्या कोणाचा दिवा लागेनासा झाला, पंखा घरघरू लागला किंवा पाण्याची मोटर गप्प झाली की हाक आमच्याच दारात येई. आण्णा जेवते ताट बाजूला सारून, खिशात टेस्टर खोचून निघत आणि आई मागून म्हणे, ‘आमटी गार होत्या, जावा तुम्ही.’ त्या ‘जावा’त राग किती आणि अभिमान किती, हे मला कधी वेगळे करता आले नाही. हंगामात कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आमच्या गाद्यांतही मुरलेला असे. भोंगा वाजला की आई भाकरी थापता थापता क्षणभर थांबे, पाळी सुटल्याची मनाशी खूण करी आणि पुन्हा थापू लागे. भोंगा, भाकरीची थाप आणि आण्णांच्या सायकलचे स्टँड, या तीन आवाजांच्या मध्ये माझे सगळे बालपण बसते.

या घरात मी एकटीच शाळेच्या भाषेत बोलणारी होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी लहानपणी मोठ्याने धडे वाचत असे, आणि ते शब्द माझ्या जिभेवर असे काही बसले की घरातले शब्द तिथून हळूहळू उठून गेले. आई-आण्णांशी बोलताना मी दोन्हीकडचे शब्द चाचपत राही. आणि चाचपण्यात वेळ गेला की बोलायची वेळ टळून जाई. गप्प मुलगी म्हणून माझी ख्याती झाली ती अशी. पदार्थविज्ञानात मी पदवी घेतली, चांगल्या गुणांनी घेतली, आणि त्यानंतर काही वर्षे घराच्या पुढच्या सोप्यात बसून दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. बरोबरीच्या मैत्रिणींची मुले बालवाडीत जाऊ लागली तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका क्लासात संगणकावर इमारतींची त्रिमित चित्रे करायला शिकत होते. माझ्या शेजारी बसणारी मुले माझ्याहून पुष्कळ लहान होती आणि मला ‘मॅडम’ म्हणत. वय वाढून गेले होते, मोठे व्हायचे मात्र राहून गेले होते.

क्लास संपल्यावर एका आर्किटेक्ट सरांनी मला काम दिले. बावड्याच्या कडेला जिथे कालपर्यंत ऊस उभा होता तिथे घरांची वसाहत होणार होती. ती बांधण्याआधीच तिच्यातून चालत गेल्यासारखे दिसेल, असे चलच्चित्र त्यांना हवे होते. ऑफिसात जागा नव्हती, म्हणून घरी बसून करायचे ठरले. माझा घरचा संगणक जुन्या भागांतून जुळवलेला. एवढी घरे, झाडे, सावल्या फिरवायला तो असमर्थ होता. सरांनी स्वतःच्या यंत्रातले ग्राफिक्स कार्ड काढून, फिकट करड्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

‘हे जपून वापरा,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडे दुसरं नाही. काम नीट उतरलं तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे द्यायचा विचार आहे.’

मी मान हलवली. पिशवी मांडीवर घेऊन केएमटीच्या बसमध्ये बसले तेव्हा ती मी इतक्या घट्ट धरली होती की शेजारच्या बाईंनी विचारले, ‘औषध हाय व्हय त्यात?’

घरी येऊन कार्ड पाहिले तर त्याच्या कडेला सहा भोकांची एक खाच होती. संगणकाच्या मदरबोर्डातून मिळणारी वीज त्याला पुरत नाही आणि जादा वीज स्वतंत्र केबलने द्यावी लागते, हे मला क्लासात सांगितलेले आठवले. माझ्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात सहा पिनांचे टोक एकही नव्हते. होती ती चार पिनांची जुनी टोके: एक पिवळी वायर, दोन काळ्या, एक लाल.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदार फोन खांद्याला दाबून कोणाशी तरी भांडत होता. त्याने माझे म्हणणे अर्धे ऐकून दोन वस्तू काउंटरवर टाकल्या. एक होती दुसऱ्याच कुठल्या तरी सप्लायची सुटी केबल, जाडजूड, काळ्या आवरणाची. दुसरी प्लास्टिकच्या पाकिटातली आखूड जोडकेबल. तिचे एक टोक जुन्या चार पिनांचे, दुसरे नव्या सहा पिनांचे.

‘ही जाड केबल माझ्या सप्लायला चालेल का?’

‘बसत्या का बघा. बसली तर चालली.’

‘बसेल, पण आतल्या वायरींचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो ना?’

‘ताई, आजपातूर इतक्या विकल्या, कोण परत घिऊन आलं न्हाई.’ मग थोडा विचार करून तो म्हणाला, ‘आता जळल्यावर परत आणून तरी काय करणार म्हणा.’

मी पाकिटातली आखूड केबल घेतली. तिच्या वायरी शिवणाच्या दोऱ्यासारख्या बारीक होत्या, परंतु रंग समोर दिसत होते आणि त्यावरून तिच्या आत काय आहे हे मला कळत होते. आजही कोणतीही वस्तू निवडताना मी चांगलीपेक्षा कळणारी निवडते. हा गुण आहे की भित्रेपणा, ते ठरवायचे मी सोडून दिले आहे.

ती केबल आण्णांच्या नजरेला पडली संध्याकाळच्या चहाच्या वेळी. त्या दिवसांत आण्णा घरात अधिक असत. कारखान्यात नवी पॅनेले आली होती, ती संगणकावर चालत. त्यांच्यासाठी शिकलेली तरुण मुले आली आणि आण्णांना पॅनेलरूममधून कॉलनीच्या दिव्यांकडे दिले गेले. कोणी त्यांचा अपमान केला नव्हता. निवृत्तीला आलेल्या माणसाला हलके काम मिळाले, असेच सगळे म्हणत. आण्णाही तसेच म्हणत. परंतु भोंगा झाला की ते अलीकडे मनगटावरचे घड्याळ बघत, जणू भोंगा बरोबर वाजला की नाही ते तपासत आहेत.

त्यांनी केबल हातात घेतली, बोटांत फिरवली.

‘ह्यावर किती अँपिअर वढणार हाय त्ये?’

मी सांगितले.

‘आणि ह्या केसाएवढ्या वायरीतनं? सुजा, ही लावू नकोस. मी करून देतो.’ त्यांनी सहा पिनांचे टोक उजेडाकडे धरले. ‘आणि ह्ये काय केलंय ह्यांनी? वरच्या तीन पिना, तिन्हीला पिवळीच. म्हंजे सगळा लोड एका फेजवर. लाल मोकळीच बसल्या की.’

इथे थोडे सांगायला हवे. कारखान्यातल्या मोठ्या मोटारीला वीज तीन तारांतून येते आणि त्या तारांचे रंग आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ होते: लाल, पिवळी, निळी. काळी ती न्यूट्रल. तिन्ही तारांवर भार सारखा वाटला पाहिजे; एकीवर सगळा पडला की मोटर तापते, घुमते, जळते. आण्णांनी सारा जन्म हा भार सारखा वाटण्यात घालवला होता. त्यामुळे संगणकाचे पोट उघडून त्यांना पिवळी, लाल आणि काळी दिसली तेव्हा ती त्यांच्या जुन्या ओळखीचीच माणसे निघाली. निळीही त्यांनी शोधली. ती बोर्डाकडे जाणाऱ्या जाड जुडग्यात एकटीच सापडली. ‘ती ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले, ‘पण लालीला तरी कामाला लावू.’

‘आण्णा, तिथे तसं नसतं बहुतेक,’ मी म्हणाले. ‘बहुतेक’ हा शब्द मी उगाच घातला. तो ऐकून ते हसले.

‘लई तर काय हुईल? उलटा फिरंल त्यो कार्डाचा पंखा. दोन फेज बदलायचे, झालं.’

दुसऱ्या दिवसापासून सोप्यात पोते अंथरले गेले. आण्णांनी सप्लायमधून निघणाऱ्या दोन वेगवेगळ्या लडींची टोके घेतली, कारण एकाच लडीवर भार टाकणे त्यांना मान्य नव्हते. वायर जाड घेतली. प्रत्येक तारेचे टोक सोलून, पिळून, राळेत बुडवून कथलाचा डाग दिला. राळेचा धूर घरभर पसरला. आत आई सुकट भाजत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘ह्या वासात सुकट भाजल्याली कुणाला कळायची बी न्हाई.’ आण्णा पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले. मधेच त्यांनी मला संगणक चालू करायला लावला आणि मोकळ्या टोकातल्या पिवळीला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. लालीला लावला, तिथेही नाही. त्यांनी टेस्टर भिंतीच्या सॉकेटात घालून पाहिला. तिथे लख्ख लागला.

‘ह्यात करंट हाय का न्हाई?’

‘आहे, पण फार कमी दाबाचा. बारा व्होल्टचा.’

‘बारात काय जळतंय मग?’ ते म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.

केबल तयार झाली ती सुंदर होती, यात शंका नाही. सारख्या लांबीच्या वायरी, प्रत्येक जोडावर स्लीव्ह, मधे मधे मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. सहा पिनांच्या टोकात खाली तीन काळ्या, वर दोन पिवळ्या आणि एक लाल.

ती लाल वायर मला भाकरीच्या पिठातही दिसू लागली. पिवळीत बारा व्होल्ट, लालीत पाच. कार्डाच्या आत वरच्या तिन्ही पिना एकच होत असतील, तर बाराचा दाब पाचाच्या वाटेत घुसणार, आणि त्या वाटेवर माझी हार्डडिस्क होती, बोर्ड होता. आत त्या एक होतात का, हे मात्र मला ठाऊक नव्हते. होत नसतील तर? आण्णांचे विजेच्या बाबतीत चुकलेले मी कधी पाहिले नव्हते. माझी सगळी वीज पुस्तकातली होती, त्यांची बोटांतली. मी सरांना गल्लीच्या टोकाच्या बूथवरून फोन केला. ते साइटवर होते. ‘केबल कुठलीही लावा हो,’ ते ओरडून म्हणाले, मागे काँक्रीटचे मिक्सर गरगरत होते, ‘नीट बसली म्हणजे झालं.’ तेच दुकानदार म्हणाला होता. शेवटी सायबर कॅफेत जाऊन बसले, परदेशातल्या अनोळखी लोकांची वादावादी वाचत राहिले, आणि कोणीतरी काढलेल्या एका साध्या आकृतीत मला हवे ते सापडले. वर तिन्ही बारा. खाली तिन्ही काळ्या, अर्थच्या. आत वरच्या तिन्ही एक.

मला वाटले होते, खात्री झाली की धीर येईल. झाले उलटे. खात्री नव्हती तोवर गप्प बसायला कारण होते. आता तेही उरले नाही.

मी आईला गाठले. ती हुलग्याचे माडगे ढवळत होती.

‘आई, आण्णांना सांगशील का, की ती केबल नको म्हणून?’

‘का? काय झालंय तिला?’

‘चुकली आहे.’

आईने पळी थांबवली. ‘त्यास्नी सांगितलंस?’

‘नाही.’

‘मग मी काय सांगू? चुकली म्हणू का, कशानं इचारल्यावर पळीनं दावू?’ मग आवाज उतरवून ती म्हणाली, ‘ह्या चार दिसात माणूस जरा बोलाय लागलंय, सुजा.’

तेच तर होते. मी न बोलले तर सरांचे कार्ड जाणार, त्याबरोबर काम जाणार, आणि मी पुन्हा सोप्यात दहावीची मुले घेऊन बसणार. बोलले तर आण्णांच्या हातचे पॅनेल दुसऱ्यांदा काढून घेतले जाणार, आणि या वेळी घेणारी मी. मनात मी वाक्ये रचू लागले. ‘आपण आधी पाकिटातली लावून पाहू या का?’ हे एक. ‘सर म्हणाले की’ हे दुसरे. ते खोटे होते म्हणून टाकून दिले. एक वाक्य मी कितीदा तरी सुधारले. त्यात दिष्ट आणि प्रत्यावर्ती प्रवाहातला फरक इतक्या विनयाने सांगितला होता की तो वर्गातल्या हुशार मुलालाही कळला नसता. चहाच्या वेळी ते वाक्य ओठांपर्यंत आले आणि आण्णा म्हणाले, ‘बशी दे.’ मी बशी दिली.

केबल लावायची ती भारनियमन संपून वीज आल्यावर, उन्हे कलतीला लागल्यावर, असे ठरले. आण्णांनी शेजारच्या बापूंनाही बोलावले. बापू कारखान्यात त्यांच्याबरोबर पाळीला असत. त्यांचा आवाज इतका मोठा होता की ते आमच्या घरात बोलले तर पलीकडची गल्ली उत्तर देई.

‘काय वायरमन, कम्प्युटरला बी सोडलं न्हाई व्हय?’ ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

‘बस. बघ नुस्तं.’

‘पोरगी का गप हाय?’

‘ती कवा बोलती?’

कार्ड मी बसवले. त्याला हात लावायचे आण्णांनी आदराने माझ्यावर सोडले होते. केबल त्यांनी स्वतः लावली. खट् असा आवाज झाला. नीट बसली होती. आई दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुशीत. आण्णा भिंतीकडे वळले, बटनावर बोट ठेवले आणि बापूंकडे बघून म्हणाले, ‘आता बघ, लोड कसा वाटला जातोय.’

माझी सगळी रचलेली वाक्ये त्या क्षणी कुठे गेली, कोण जाणे. गळ्यातून एकच शब्द निघाला, तोही चिरका.

‘थांबा.’

आण्णांचे बोट बटनावरून निघाले. नुसते बोटच निघाले नाही, तो हात मागे आला आणि कमरेवर गेला. ते भिंतीपासून एक पाऊल सरले. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हते. एखाद्या सवयीच्या हालचालीत असते तितकीच शांतता होती.

‘का हो, काय झालं?’ आईने विचारले.

‘ती थांब म्हणाली.’

‘पण का?’ बापू म्हणाले. ‘लावा की राव. लेकरं भितातच.’

‘बापू, तू पॅनेलरूमला कवा न्हवतास. तिथं कोण बी थांब म्हणालं की पहिला हात काढायचा. झाडू मारणारं माणूस म्हणालं तरी. का म्हणून मागनं इचारायचं.’ मग ते पोत्यावर बसले आणि माझ्याकडे वळले. ‘हां, आता सांग. का?’

इतके दिवस मी कारण कसे सांगावे या विवंचनेत होते, आणि त्यांच्या जगात कारण आधी लागतच नव्हते. हे मला कोणी सांगितले नव्हते. त्यांनाही सांगावेसे वाटले नसेल. नळाला पाणी येते हे कोण कोणाला सांगतो?

मी सांगू लागले. वाक्ये मोडत होती. निम्मे शब्द शाळेचे, निम्मे घरातले. आण्णा ऐकत होते, पण कपाळावरची आठी जात नव्हती. शेवटी मला कारखानाच आठवला. ‘आण्णा, बॉयलरची जास्त प्रेशरची वाफेची लाइन आणि कमी प्रेशरची लाइन, दोन्ही एका पाइपात जोडल्या तर?’

‘कोण जोडंल त्या?’ ते चटकन म्हणाले. आणि थांबले. त्यांनी सहा पिनांच्या टोकाकडे पाहिले, मग लाल वायरीवरून अंगठा फिरवत तिच्या मुळापर्यंत गेले.

‘म्हंजे ह्ये फेज न्हवंच.’

‘न्हाई.’

‘मग रंग कशाला दिल्यात फेजचे?’

 

‘म्हंजे वायरमन चुकलं म्हणायचं,’ बापू आनंदाने म्हणाले.

‘चुकलंय,’ आण्णा म्हणाले. ‘जळलं न्हाई. लई फरक हाय त्यात. चा पिऊन जा.’

त्यांनी केबल काढली, पक्कड घेतली आणि लाल वायर कापली. कापताना हात जरासा जड झाला, असे मला वाटले; कदाचित तो जडपणा माझ्याच डोळ्यांत असेल. तिच्या जागी पिवळी जोडून डाग दिला. बापूंनी चहा दोनदा घेतला. आईने आतून एकदा डोकावून माझ्याकडे पाहिले आणि भाकरीचे पीठ काढायला गेली. जाड वायर, दोन वेगळ्या लडी, मेणाचा दोरा, हे सगळे तसेच राहिले. आणि ते सगळे बरोबर होते. पाकिटातली केबल मी कधी वापरली नाही.

त्यानंतरच्या आयुष्यात मला पुष्कळ ठिकाणी ‘थांबा’ म्हणायची वेळ आली. सरांच्या ऑफिसात, पुढे स्वतःच्या ऑफिसात, बँकेच्या माणसांसमोर, एकदा डॉक्टरांसमोरही. मी ते म्हणू शकले, चाचपत का होईना. परंतु बहुतेकांनी बोट बटनावर ठेवूनच आधी कारण विचारले, आणि मी कारण जुळवीपर्यंत बटन दाबले गेले होते. अशा वेळी मला भिंतीपासून एक पाऊल मागे सरलेले आण्णा आठवतात.

त्या संध्याकाळी बटन त्यांनी मला दाबायला लावले. कार्डाचा पंखा फिरू लागला. आधी घों करून, मग हळू. पडद्यावर चित्र आले. मी केलेली वसाहत, तिचे रस्ते, अजून न लावलेली झाडे, आणि सावल्या न अडखळता सरकू लागल्या. आई म्हणाली, ‘ह्ये आपल्या बावड्यातलं व्हय?’ बापूंनी त्यातले एक घर स्वतःसाठी मोठ्या आवाजात पसंतही केले. आण्णांनी पडद्याकडे पाहिले नाही. ते यंत्राच्या उघड्या बाजूला उकिडवे बसले होते आणि उजव्या हाताची पालथी बोटे त्यांनी तीन पिवळ्या वायरींवर टेकवून ठेवली होती. चित्र एकदा पूर्ण फिरले, दुसऱ्यांदा फिरले, आतली भाकरी तव्यावर फुगल्याचा वास आला, तरी ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी बोटे काढली, ती दुसऱ्या हातात धरून पाहिली आणि जराशा नाराजीनेच म्हणाले, ‘गार हाय.’